नाक मोठं आलंय हे सांगायचं कसं? पोर्ट्रेटवर मत द्यायला आणि ऐकून घ्यायला शिकताना

आमचा पुण्यात पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन निघायचं, मंडई नाहीतर कसब्यात कुंभारवाड्याकडे भटकायचं, नऊ-साडेनऊला एखादं अमृततुल्य गाठायचं आणि आदल्या आठवड्याचे फोटो एकमेकांना दाखवायचे. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांना काय सांगायचो तर "भारी", "कडक", "एक नंबर", आणि अगदीच कोणी आग्रह केला तर "अजून थोडा ब्राइट कर". वर्षभरात चहाचं बिल सोडून कशातच प्रगती नाही.

मग एकदा मी माझ्या आत्याचा फोटो दाखवला. मोबाइलवर काढलेला, गप्पा मारता मारता, एक हातभर अंतरावरून. ग्रुपमधला एकजण बघून म्हणाला, "आत्या जरा जाडच आल्यात रे, आणि नाक बघ केवढं." बाकीचे हसले, मीपण हसलो, फोटो बंद केला आणि पुढचे सहा महिने एकही पोर्ट्रेट कोणाला दाखवलं नाही. आत्याचं नाक एवढं मोठं नाहीये हो. मोबाइलचा मेन कॅमेरा साधारण २४-२६ एमएमचा, म्हणजे बराच रुंद बघणारा असतो, तो तोंडाजवळ नेला की जे जवळ आहे ते फुगतं आणि लांबचं आकसतं, म्हणजे नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. त्या माणसाने जर एवढंच म्हटलं असतं की "फार जवळून काढलायस, दोन-तीन पावलं मागे जा आणि २एक्स झूम लाव", तर मी तिथल्या तिथे शिकलो असतो. चूक त्याला बरोबर दिसली होती, फक्त तो आत्याबद्दल बोलला, फोटोबद्दल बोललाच नाही.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पोर्ट्रेटवर बोलायचं अर्धं काम झालं. सिंहगडाच्या फोटोला वाईट म्हटलं तर सिंहगडाला काही वाटत नाही. पोर्ट्रेटमध्ये समोर कोणाची तरी आई असते, बायको असते, नाहीतर रस्त्यात भेटलेला आणि विश्वासाने उभा राहिलेला माणूस असतो. म्हणून चेहऱ्यावर बोलायचं नाही, फ्रेमवर बोलायचं.

नवीन लोकांसाठी आम्ही आता कसं करतो ते सांगतो, क्रमाने. काही ठिकाणी मी वाहवत जाईन, चालवून घ्या.

आधी दाखवणाऱ्याने काय करायचं

एकच फोटो आणायचा. वीस फोटोंची अल्बम समोर टाकून "कसे वाटतायत?" विचारलं की समोरचा "छान" म्हणणार आणि चहाचा घोट घेणार, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीपण तेच केलं असतं. वीसमधून एक निवडणं हेच पहिलं क्रिटिक, म्हणजे फोटोची चिकित्सा आहे आणि ते तुमचं तुम्हालाच करायचंय.

फोटो व्हॉट्सॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो चेपला जातो, मग समोरचा म्हणतो डोळे सॉफ्ट आलेत आणि तुम्ही म्हणता माझ्याकडे तर शार्प आहेत, अर्धा तास यातच जातो. फक्त लक्षात ठेवा, डॉक्युमेंटबरोबर फोटोतली सगळी माहिती जाते, लोकेशन चालू असेल तर तेसुद्धा. लहान मुलांचे फोटो असतील तर लोकेशन आधी काढून टाका.

आणि एक वाक्य बरोबर द्या. "बघा कसा वाटतो" नको. "मला आजीचे हात आणि चेहरा दोन्ही दिसायला हवे होते, पण नजर सारखी मागच्या खिडकीकडे जातेय, का जातेय?" असं विचारा. एवढं विचारलंत की समोरच्याला कुठे बघायचं ते कळतं. आणि गंमत म्हणजे हे वाक्य लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर तुमचं तुम्हालाच सापडतं.

मत देणाऱ्याने: तोंड उघडायच्या आधी

मोबाइलवर बघत असाल तर ब्राइटनेस वाढवा आणि तो रात्रीचा पिवळा मोड बंद करा. हसू नका, आमच्याकडे एका काकांनी पंधरा मिनिटं "स्किन फार पिवळी आलीय" म्हणून समजावलं होतं आणि पिवळा होता त्यांचा स्क्रीन.

मग एक मिनिट गप्प बसायचं, खरंच एक मिनिट. या वेळात तीन गोष्टी मनात टिपायच्या: नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे घसरली, आणि हा माणूस कसा आहे असं वाटलं. बस. शटर, आयएसओ वगैरे कॅमेऱ्याची सेटिंग्ज नंतर.

त्यानंतर उजेड कुठून आलाय ते ओळखायचा खेळ खेळा, याने डोळा फार लवकर तयार होतो. फोटो झूम करून डोळ्यांच्या बाहुल्यांत बघा, तिथे चमक दिसते, कॅचलाइट म्हणतात ती. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला पांढरं कापड लावलेला दिवा), गोल रिंग असेल तर रिंगलाइट, वर अगदी बारीक ठिपका असेल तर सूर्य नाहीतर डायरेक्ट फ्लॅश. काहीच नसेल तर डोळे बहुतेक मेलेले वाटतील, आणि तुम्हाला जे "काहीतरी कमी आहे" वाटतंय त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पेपरात-मासिकात आलेले पोर्ट्रेटही असेच वाचायचे. गौतम राजाध्यक्षांनी (१९५०–२०११) काढलेले नट-नट्यांचे फोटो मिळाले तर ते घेऊन बसा, कोण आहे ते विसरा आणि फक्त उजेड कुठून आलाय ते शोधा. आणि गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला तर त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात, सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या नावावरून. चारचौघात नाव टाकायला बरं पडतं.

मग बोलायचं कसं

सुरुवात प्रश्नाने. "कोण आहेत या?" "तुला काय दाखवायचं होतं?" हे न विचारता केलेलं क्रिटिक म्हणजे पेशंटला न तपासता दिलेली गोळी. एकदा एका मुलीने तिच्या वडिलांचा फोटो आणला होता, पूर्ण अंधारात, फक्त कडेने उजेड. आम्ही सगळे सावल्या उचल, चेहरा दिसू दे म्हणून मागे लागलो. शेवटी ती म्हणाली, बाबा वर्षानुवर्षं रात्रपाळी करतात, मला ते असेच दिसतात. मग सगळे गप्प. मग कुठे कामाचं बोलणं सुरू झालं, की अंधार हवाच असेल तर निदान एका डोळ्यात तरी चमक हवी, तेवढ्यासाठी मान जरा उजेडाकडे वळवायला हवी होती.

त्यानंतर जे जमलंय ते सांगायचं, पण कारणासकट. "मस्त एक्स्प्रेशन" म्हणजे काहीच नाही. "त्या हसायच्या बरोब्बर आधी क्लिक केलंयस, ओठ मिटलेले आहेत पण डोळे हसतायत" म्हणजे काहीतरी आहे, कारण हे पुढच्या वेळी त्याला मुद्दाम करता येईल. तोंडदेखलं कौतुक आधी, मग टोला, मग परत कौतुक असा सँडविच करू नका, पहिल्या स्लाइसलाच कळतं आत काय आहे ते.

मग चूक. एक, फार तर दोन. सगळ्यात मोठी आधी. मी हे कसं ठरवतो सांगू का, आधी बघतो फोटो मुळात हललाय का, फोकस गेलाय का. ८५ एमएमच्या लेन्सवर एफ १.८ ठेवून (एफचा आकडा जितका लहान तितका फोकसमधला भाग पातळ) दीड मीटरवरून काढलात तर फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, शार्प पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा मिळतो, म्हणजे नाकावर फोकस बसला की डोळे गेलेच. नवीन लेन्स घेतलेला प्रत्येक माणूस पहिले दोन महिने सगळं १.८ वरच काढतो, पैसे वसूल करायचे असतात ना. त्याला सांगायचं, २.८ नाहीतर ४ कर, जवळच्या डोळ्यावर फोकस ठेव, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको. तो वाद तिथे संपतो.

फोकस ठीक असेल तर उजेड. आपल्याकडे दुपारी बाराला काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे असतात, त्यावर एडिटिंग शिकवत बसू नका, "सावलीत घे, उजेडाकडे तोंड करून उभं कर" एवढंच सांगा. झाडाखाली घेतलं तर चेहऱ्यावर हिरवट झाक येते, लग्नात मांडवाच्या पिवळ्या-लाल कापडाखाली तर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. आणि घरात पांढरी ट्यूब आणि खिडकी दोन्ही चालू असतील तर अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. उपाय फुकट आहे, ट्यूब बंद करा. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर स्टेशनरीवाल्याकडून थर्माकोलची शीट आणा आणि त्या बाजूला धरा, रिफ्लेक्टर झाला.

मग बॅकग्राउंड, म्हणजे डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानातून निघालेली फांदी वगैरे. मग कडा, मनगटावर किंवा गुडघ्यावर कापलेली फ्रेम, कोपऱ्यात घुसलेला कोणाचा तरी हात. फालतू वाटेल, पण अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोला काढलेला त्या स्थलांतरित आईचा जगप्रसिद्ध फोटो आठवा, त्यातसुद्धा खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता आणि तो लँगला इतका खटकला की नंतर निगेटिव्हवर काम करून तिने तो घालवून घेतला. सरकारी कामासाठी काढलेला फोटो असा बदलावा का यावर तेव्हाही नाराजी झालीच. म्हणजे कोपऱ्यातला अंगठा खटकणारे आपण पहिलेच नाही.

चूक सांगितली की ती कुठे दुरुस्त होईल तेही सांगा, हे फार जण विसरतात. क्रॉप करून सुटेल का, जागेवरच पाऊलभर सरकून सुटली असती का, की आता काहीच होत नाही आणि पुढच्या वेळी बघायचं. "बॅकग्राउंड वाईट आहे" ऐकून नवीन माणूस खचतो, "अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतास तर तो खांब डोक्यामागे लपला असता" ऐकून तो परत जाऊन काढतो.

आणि प्लीज, दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून परत पाठवू नका. "बघ मी कसा केला." अरे बाबा, विचारलं होतं का कोणी?

वारीतल्या आजोबांबद्दल थोडं

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की पुण्यातले निम्मे कॅमेरे रस्त्यावर येतात आणि पुढचा आठवडाभर तोच फोटो शंभर वेळा बघायला मिळतो: पांढरी टोपी, कपाळाला गंध, सुरकुत्या, ब्लॅक अँड व्हाइट, एडिटिंगमधला क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत. सुरकुत्या इतक्या खोल की वाटतं शेत नांगरलंय. यावर मत मागितलं तर काय सांगायचं?

एक तर "हा फोटो सगळेच काढतात" असं म्हणून वाटेला लावू नका. पहिल्यांदा वारीला गेलेल्या माणसासाठी तो पहिलाच असतो. पण हे विचारा: या आजोबांचं यात काय आहे जे दुसऱ्या आजोबांच्या फोटोत नसतं? बोललास का त्यांच्याशी? कुठून आलेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही, २०० एमएमने लांबून घेतला. तिथेच खरी चूक सापडली, स्लायडरचं नंतर बघू. "माऊली, फोटो काढू का?" एवढं विचारायला काही लागत नाही, नाही म्हणाले तर रामकृष्णहरी करून पुढे जायचं, हो म्हणाले तर दोन मिनिटं बोलायचं, कॅमेरा खाली ठेवून. त्यानंतरचा चेहरा वेगळा असतो, स्वतःच बघा.

तांत्रिक भाग असा की टोपी पांढरी, सदरा पांढरा आणि चेहरा उन्हाने रापलेला. फ्रेमभर पांढरं असलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, त्याला सगळं मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं, म्हणून ते उजेड कमी करतं आणि चेहरा काळवंडतो. उलट चेहऱ्यावर एक्स्पोझर धरलं तर टोपी बर्न होते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. मधला मार्ग म्हणजे माऊलींना जरा सावलीत घ्या, टोपीचे धागे दिसतील एवढंच एक्स्पोज करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या न चेपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि चेहऱ्याची सावली नंतर थोडी उचला. थोडी.

आणि इथेच एक सांगून टाकतो, "जरा ब्राइट कर, गोरे दिसतील" हे क्रिटिक नाही. सावळा माणूस सावळाच दिसला पाहिजे, नीट एक्स्पोज झालेला सावळा. चेहरा अंडर आहे, म्हणजे उजेड कमी पडलाय, की माणूस सावळा आहे यातला फरक कळत नसेल तर हिस्टोग्राम (फोटोत काळं-पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) बघायला शिका, नाहीतर शांत बसा. मोबाइलचा ब्यूटी मोड बऱ्याचदा आपोआप चालू असतो, कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसली की पहिली शंका तीच घ्यायची. पोर्ट्रेट मोडचंही तसंच, केसांच्या कडा, चष्म्याची काडी, झुमक्यांचं टोक तपासा, अर्धा झुमका ब्लर झालेला असतो आणि काढणाऱ्याला पत्ताच नसतो.

ऐकून घेणाऱ्याने

हे जास्त अवघड. नियम एकच, ऐकताना तोंड बंद. "उजेडच नव्हता", "आजी ऐकतच नव्हती", "लेन्स किटमधली आहे", "घाईत काढला" हे सगळं खरं असेल, पण फोटो बघणाऱ्याबरोबर तुम्ही जन्मभर उभे राहून ही कारणं सांगणार आहात का? त्यापेक्षा वही काढा आणि लिहून घ्या, जे पटत नाही तेही. लिहायला लागलं की भांडायची खुमखुमी निम्मी होते, स्वानुभव आहे.

मोघम काही आलं तर एक प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. "मजा नाही आली" म्हणाला तर "कुठे बघून मजा गेली?" असं विचारा. आमच्यात एक काका आहेत, बँकेतून रिटायर होऊन मग कॅमेरा घेतला, आणि ग्रुपमधला सगळ्यात लहान मुलगा बावीसचा. पहिल्यांदा तो काकांना म्हणाला, "काका, फोटो जरा फ्लॅट वाटतोय." काकांचा चेहराच पडला. पण त्यांनी विचारलं, "फ्लॅट म्हणजे काय रे बाळा, मला समजेल असं सांग." मग त्याने टेबलावरचा कप उचलला, मोबाइलचा टॉर्च आधी समोरून मारला, मग बाजूने. समोरून मारल्यावर कप नुसता गोल ठिपका वाटतो, बाजूने मारला की त्याला पोट येतं. "काका, तुम्ही फ्लॅश समोरून मारलाय, काकूंचा चेहरा असा झाला." तेव्हापासून काका फ्लॅश भिंतीवर मारतात, आणि आम्हाला सगळ्यांना तो कपाचा प्रयोग करून दाखवतात, जसा काही त्यांनीच शोधलाय.

सगळं ऐकायचं पण सगळं करायचं नाही. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी बिघडलंय असं समजा, त्यांनी सांगितलेले तिन्ही उपाय चुकीचे असले तरी. एकालाच खटकलं तर लिहून ठेवा, दोन दिवसांनी परत बघा. आणि जो कायम लेन्सची किंमत विचारतो त्याचं फक्त चहापुरतं ऐका.

मग शेवटची पायरी, जी कोणीच करत नाही: त्याच माणसाचा, त्याच जागी, परत फोटो काढायचा. तसं नाही केलं तर वहीतलं वहीत राहतं.

आमच्यातल्या एकाने केलं. साताऱ्याकडच्या त्याच्या घरी आजी स्वयंपाकघरात खिडकीशी बसून मेथी निवडतायत असा फोटो होता. आम्ही चहावर त्याची चिरफाड केली: वर ट्यूब चालू, म्हणून गाल एका रंगाचा आणि कपाळ दुसऱ्या, डोक्यामागे बरोब्बर कालनिर्णय लटकलेलं, जणू आजींना चौकोनी कान फुटलाय, बाजूला स्टीलचे डबे चमकतायत, नजर तिकडेच जाते. ट्यूब बंद कर, कॅलेंडर उतरव, डबे हलव, अजून जवळ क्रॉप कर, चेहऱ्यावर ये. त्याने सगळं लिहून घेतलं, दिवाळीला गावी गेला तेव्हा मुद्दाम सकाळी नऊला आजींना त्याच पाटावर बसवलं, एका बाजूने थर्माकोल धरायला बहिणीला उभं केलं. आला फोटो. डोळ्यात खिडकीची चौकोनी चमक, गालावर तो त्रिकोण, मागे नुसती भिंत. आम्ही सगळे खूश, काकांनी तर सगळ्यांचं बिल दिलं.

हे आधीच सांगायला हवं होतं पण आता सांगतो, ज्याचा फोटो आहे त्याला तो दाखवायचाच असतो आणि त्याचंही मत घ्यायचं असतं. लँगच्या त्या फोटोतल्या बाईंचं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचं, म्हणणं जगापर्यंत पोचलं ते १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी, आणि त्या फोटोवर मुळीच खूश नव्हत्या, आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही म्हणाल्या.

तर मित्राने दोन्ही फोटो प्रिंट करून आजींना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, नवीन फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला, आणि विचारलं, "मेथी कुठाय?"

आम्ही सहाही जणांनी तो फोटो पाच-पाच मिनिटं बघितला होता, हात फ्रेमच्या बाहेर गेलेत हे एकालाही दिसलं नव्हतं.